न संपणारे वाद: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

वाद कसा जिंकावा हे सांगणारे पुष्कळ आहेत. इथे तो हेतू नाही. तीच माणसं, तीच वाक्यं आणि तासाभराने गाडी पुन्हा मूळ पदावर, अशा वादांबद्दल जे प्रश्न सतत विचारले जातात, त्यांची ही उत्तरं आहेत.

काही वाद चटकन सुटतात, काही वर्षानुवर्षं चालतात. फरक कशात असतो?

विषय किती गंभीर आहे यात तर नक्कीच नसतो. कोट्यवधी वर्षांपूर्वी काय घडलं यावर जगभरच्या अभ्यासकांचं एकमत होऊ शकतं आणि खिडकी उघडी ठेवायची की बंद यावर दोन माणसं जन्मभर भांडू शकतात. हा वाद कशाने संपेल हे दोघांनाही मान्य आहे का, यावर सगळं अवलंबून असतं. आज तारीख काय यावर वाद झाला तर कॅलेंडर बघितलं की तो संपतो, कारण कॅलेंडर म्हणेल ते मानायचं हे न बोलताच ठरलेलं असतं. न संपणाऱ्या वादात असं काहीच ठरलेलं नसतं. एक जण आकडे दाखवतो, दुसरा अनुभव सांगतो, पहिला तत्त्वावर येतो, दुसरा दोन वर्षांपूर्वीचं काहीतरी उकरून काढतो. कोणाचंच बोलणं संपत नाही, कारण कुठे थांबायचं ते ठरलेलंच नाही.

म्हणून 'कोण बरोबर?' हा प्रश्न थोडा मागे ठेवावा. आधी विचारावं, 'काय दिसलं तर तू मत बदलशील आणि काय दिसलं तर मी?' दोघांचंही उत्तर 'काहीही दिसलं तरी नाही' असं असेल, तर तेही लवकर कळलेलं बरं. निदान संध्याकाळ वाचते.

आम्ही एकाच गोष्टीवर भांडतोय की वेगवेगळ्या, हे ओळखायचं कसं?

अमेरिकन तत्त्वज्ञ विल्यम जेम्स याच्या 1907 साली छापलेल्या व्याख्यानांत एक खार आहे. ती झाडाच्या बुंध्याला चिकटून बसली आहे आणि तिला पाहायला एक माणूस झाडाभोवती फिरतो आहे. तो जसजसा फिरतो तसतशी खारही बुंध्यावरून सरकते, त्यामुळे झाड कायम दोघांच्या मध्ये. माणूस झाडाभोवती फिरला हे तर खरंच. पण तो खारीभोवती फिरला का? सहलीला आलेल्या मंडळींचे यावरून दोन तट पडले होते, तेही समसमान. जेम्सने विचारलं, 'भोवती' म्हणजे काय धरताय? आधी खारीच्या उत्तरेला, मग पूर्वेला, मग दक्षिणेला, मग पश्चिमेला असा अर्थ असेल, तर फिरला. आधी तिच्या समोर, मग उजवीकडे, मग पाठीमागे, मग डावीकडे असा असेल, तर नाही फिरला, कारण खारीचं पोट सतत त्याच्याकडेच होतं. वाद तिथेच संपायला हवा होता. तरी त्यातल्या एकदोन तापलेल्या गड्यांनी ही पळवाट असल्याची तक्रार केलीच. त्यांना खारीपेक्षा वाद प्यारा होता.

आपल्या वादात अशी खार लपली आहे का, हे तपासायची एक चांगली युक्ती डेव्हिड चामर्स या तत्त्वज्ञाने 2011 मध्ये मांडली. भांडणातला कळीचा शब्द बाजूला ठेवायचा आणि तो न वापरता वाद पुढे चालवून बघायचा. 'तू बेजबाबदार आहेस' यातला 'बेजबाबदार' काढून टाका आणि काय घडलं ते सांगा: ठरल्या वेळी आला नाहीस, फोन केला नाहीस, उद्याही असंच होईल असं वाटतं. यातल्या एकाही वाक्यावर मतभेद उरला नाही, तर भांडण फक्त त्या शब्दावरचं होतं. उरला, तर नेमका कुठे उरला ते आता दिसतं.

काही शब्द मात्र असे काढता येत नाहीत. कला, लोकशाही, सामाजिक न्याय यांसारख्या कल्पनांचा अर्थच मुळात वादाचा असतो, हे डब्ल्यू. बी. गॅली याने 1956 मध्ये दाखवलं. तिथे प्रत्येक बाजू त्या कल्पनेतली वेगळी गोष्ट मोलाची धरते. असे वाद न मिटणं हे कोणाच्या मूर्खपणाचं लक्षण नाही.

सज्जड पुरावा दाखवला तरी समोरचा मानत नाही. का?

तुम्ही मानला असता का?

1979 मध्ये स्टॅनफर्ड विद्यापीठात चार्ल्स लॉर्ड, ली रॉस आणि मार्क लेपर यांनी 48 विद्यार्थ्यांवर एक प्रयोग केला. त्यातले निम्मे फाशीच्या शिक्षेच्या बाजूचे, निम्मे विरोधातले. सगळ्यांना दोन संशोधनं वाचायला दिली. फाशीमुळे खून कमी होतात असं एकात म्हटलं होतं, होत नाहीत असं दुसऱ्यात. दोन्ही संशोधनं प्रयोगासाठी रचलेली होती. सारखाच पुरावा वाचल्यावर मतं जवळ यावीत की नाही? ती आणखी लांब गेली. प्रत्येकाला आपल्या बाजूचं संशोधन भक्कम वाटलं आणि विरोधी संशोधनातल्या त्रुटी अचूक सापडल्या. यात कोणी लबाडी करत नव्हतं. नको असलेल्या निष्कर्षाचा आपण कीस काढतो, हवा असलेला तसाच आत घेतो.

या प्रयोगाचा पुढचा भाग कमी लोक सांगतात, आणि कामाचा तोच आहे. 1984 मध्ये लॉर्ड, लेपर आणि एलिझाबेथ प्रेस्टन यांनी काही जणांना 'निःपक्षपातीपणे विचार करा' अशी ताकीद दिली. फरक पडला नाही. दुसऱ्या गटाला सांगितलं, 'हेच संशोधन, हीच पद्धत, पण निष्कर्ष उलटा निघाला असता तर तुम्ही ते इतकंच चांगलं किंवा वाईट म्हटलं असतं का, याचा प्रत्येक पायरीवर विचार करा.' या गटाचा कल बराच सरळ झाला. निःपक्षपाती राहा हा उपदेश वाया जातो, कारण प्रत्येकजण स्वतःला आधीच निःपक्षपाती समजत असतो.

मग पुरावे देणं सोडूनच द्यावं का? ऐकलंय की पुराव्याने लोक आणखी हट्टाला पेटतात.

ते अर्धंच खरं निघालं. ब्रेंडन नायहन आणि जेसन रायफ्लर यांच्या 2010 च्या अभ्यासात काही जणांचा चुकीचा समज, दुरुस्ती वाचल्यावर उलट घट्ट झालेला दिसला आणि ती बातमी सगळीकडे पसरली. पुढे थॉमस वुड आणि इथन पोर्टर यांनी अनेक विषयांवर हजारो लोकांची चाचणी घेतली (2019). उलटा परिणाम जवळजवळ कुठेच सापडला नाही. दुरुस्ती वाचल्यावर लोक साधारणपणे वस्तुस्थितीच्या बाजूलाच सरकले. पण तपशील मान्य केला म्हणजे बाजू सोडली असं होत नाही. 'आकडा चुकला असेल, पण मुद्दा बरोबर आहे' हे वाक्य सगळ्यांच्या ओळखीचं आहे. पुरावा द्यावा, फक्त त्याच बैठकीत शरणागतीची वाट पाहत बसू नये.

दोघेही शहाणे असतील तर तर्काने वाद मिटायलाच हवा ना?

जर्मन तत्त्वज्ञ लायब्निझला सतराव्या शतकात हेच वाटत होतं. विचारांची एक अचूक भाषा तयार झाली की वाद घालणारे भांडायचे थांबतील आणि म्हणतील, 'चला, हिशेब करू.' तसा हिशेब करून पाहणारा एक गणिती सिद्धांत खरोखर आहे. रॉबर्ट ऑमन याने 1976 मध्ये सिद्ध केलं की दोन माणसांची सुरुवातीची गृहीतकं एकच असतील, दोघांचा तर्क निर्दोष असेल आणि एकमेकांची मतं दोघांना पूर्णपणे माहीत असतील, माहीत आहेत हेही माहीत असेल, तर त्यांची मतं वेगळी राहूच शकत नाहीत. मला हा सिद्धांत उलटा वाचायला आवडतो. मतं वेगळी राहिलीच, तर यातली एखादी अट मोडली आहे, आणि बहुतेक वेळा ती पहिली असते. सुरुवातच वेगळ्या ठिकाणाहून झालेली असते.

सुरुवातीचं गृहीतक सिद्ध करायला जावं, तर दुसरी अडचण. कारणाला कारण, त्या कारणाला आणखी कारण असं मागत गेलं की अनवस्था होते; फिरून पहिल्याच कारणाशी आलो तर अन्योन्याश्रय; आणि मध्येच 'हे असंच आहे' म्हणून थांबलो तर समोरचा विचारतो, इथेच का थांबलास? ग्रीक संशयवाद्यांनीही हाच तिढा मांडला होता. शिवाय काय आहे यावरून काय असावं हे थेट निघत नाही, हे तत्त्वज्ञ डेव्हिड ह्यूमने अठराव्या शतकात लिहून ठेवलंय. आकडे कितीही बरोबर असले तरी स्वातंत्र्य मोठं की सुरक्षितता, हे आकडे सांगत नाहीत.

समोरच्याला सत्य नकोच आहे, फक्त जिंकायचंय. अशा वेळी काय करावं?

न्यायसूत्रांत, म्हणजे भारतीय तर्कशास्त्राच्या प्राचीन ग्रंथात, चर्चेचे तीन प्रकार आहेत. वादात दोघांना तत्त्व जाणून घ्यायचं असतं. जल्पात जिंकायचं असतं, त्यासाठी छलकपट चालतं. आणि वितंडेत समोरच्याचं खोडून काढायचं एवढंच असतं, स्वतःची बाजू मांडायचीच नाही. गंमत म्हणजे न्यायसूत्रं शेवटच्या दोहोंना सरसकट टाकाऊ म्हणत नाहीत. कोवळ्या रोपाभोवती काटेरी फांद्या लावतात, तसा त्यांचा उपयोग तत्त्वाच्या रक्षणासाठी करावा असं त्यांचं म्हणणं आहे. माझं मत जरा कडक आहे: रोज काटेच लावत बसणाऱ्याकडे रोप आहे का, ते एकदा बघावं.

वितंडा ओळखायची सोपी खूण म्हणजे 'मग तुझं म्हणणं काय?' या प्रश्नाला उत्तर येत नाही. तो प्रश्न दोनदा विचारावा. दोन्ही वेळा नवा आक्षेपच आला, तर थांबावं. खोडणाऱ्याला एक वाक्य पुरतं, त्याला उत्तर द्यायला पानभर लागतं. हा व्यवहार कधीच फायद्याचा होत नाही.

'आणि तू काय करतोस?' हे ऐकू आलं की वाद भरकटतो. यावर उपाय?

याला जुनं नाव आहे, मतानुज्ञा. न्यायसूत्रांनी हरण्याची जी 22 निग्रहस्थानं दिली आहेत त्यातलं हे एक. आपल्यावरचा आरोप न खोडता 'तुझ्यातही हाच दोष आहे' म्हटलं, की आपल्यातला दोष कबूल केल्यासारखंच होतं. उत्तर द्यायचं तर शांतपणे, 'हो, माझंही चुकत असेल, त्यावर नंतर बोलू. आत्ता हे संपवू.' नंतर खरंच बोलायचं मात्र. नाहीतर पुढच्या वेळी तुमच्यावर कोण विश्वास ठेवेल?

मी इतकं स्पष्ट सांगतो, तरी त्याला कळत कसं नाही?

एलिझाबेथ न्यूटन हिने 1990 मध्ये स्टॅनफर्डमध्ये लोकांना टेबलावर बोटांनी एखाद्या प्रसिद्ध गाण्याचा ठेका वाजवायला सांगितलं. ऐकणाऱ्याने गाणं ओळखायचं. निम्मी गाणी तरी ओळखली जातील असा वाजवणाऱ्यांचा अंदाज होता. 120 पैकी फक्त 3 ओळखली गेली. वाजवणाऱ्याच्या डोक्यात पूर्ण गाणं चालू असतं, ऐकणाऱ्याला नुसती टकटक ऐकू येते. वादातही तेच. तुमच्या वाक्यामागचा सगळा इतिहास तुमच्याच डोक्यात असतो.

याबाबतीत ती जुनी निग्रहस्थानं दोन्ही बाजूंना सारखीच कडक आहेत. एखाद्याने तीनदा सांगूनही ना सभेला कळलं ना प्रतिपक्षाला, तर सांगणारा हरला. आणि सभेला कळलेलं, तीनदा सांगितलेलं म्हणणं प्रतिपक्षाला परत उच्चारता आलं नाही, तर तो हरला. याचं नाव अननुभाषण. हा दुसरा नियम घरात, कचेरीत, कुठेही लावून बघावा. समोरच्याचं म्हणणं आपल्या शब्दांत सांगायचं आणि तो 'हो, हेच म्हणतोय मी' म्हणेपर्यंत स्वतःचा मुद्दा मांडायचा नाही. पहिल्या प्रयत्नात 'हो' क्वचितच येतं. आणि तुमच्या मांडणीत टोमणा असेल तर येतच नाही.

पैज लावली तर वाद मिटतो का?

पैजेचा मिटतो. वादाचं सांगता येत नाही. लोकसंख्या वाढत गेली की साधनसंपत्ती दुर्मिळ होत जाईल, असं जीवशास्त्रज्ञ पॉल एर्लिक म्हणत होते. माणूस मार्ग काढतो आणि वस्तू स्वस्त होतात, असं अर्थतज्ज्ञ ज्युलियन सायमन. 1980 मध्ये पैज लागली. तांबं, क्रोमियम, निकेल, कथील आणि टंगस्टन, प्रत्येकी 200 डॉलरचे. महागाई वजा करून 1990 मध्ये किमती बघायच्या आणि जो फरक पडेल तो हरणाऱ्याने द्यायचा. पाचही धातू स्वस्त झाले. एर्लिक यांनी 576.07 डॉलरचा चेक पाठवला. आणि मत? ते तसूभरही हललं नाही. पैजेसाठी दुसरी दहा वर्षं निवडली असती तर निकाल उलटाही लागू शकला असता, त्यामुळे त्यांच्याकडे बोलायला जागाही होती.

तरी पैजेच्या अटी लिहायला बसणं फार मोलाचं आहे. 'परिस्थिती बिघडत चाललीय' या वाक्यावर पैज लावता येत नाही. कोणती गोष्ट, किती, कधीपर्यंत, कोण मोजणार, हे ठरवताना निम्मा वाद आपोआप गळून पडतो. मग पैसे नाही लावले तरी चालतं.

मतदान करून टाकलं तर?

माणसं तीन आणि पर्याय तीन असले तरी मतदान गोल फिरू शकतं: बहुमताला ब पेक्षा अ बरा, क पेक्षा ब बरा आणि अ पेक्षा क बरा. फ्रेंच गणिती काँदोर्सेने 1785 मध्ये हे दाखवलं. अशा वेळी कोणती जोडी आधी मतदानाला टाकली यावर निकाल ठरतो, म्हणून क्रम कसा ठरवायचा ते आधी ठरवा. शिवाय मतदानाने निर्णय होतो, हरलेल्यांची मतं तिथेच राहतात.

तडजोड म्हणजे दोघांनी अर्धं अर्धं सोडायचं, बरोबर?

हा गैरसमज बराच महागात पडतो. मेरी पार्कर फॉलेट हिने 1925 मध्ये मतभेद हाताळायचे तीन मार्ग सांगितले: एकाची सरशी, तडजोड आणि दोघांच्या गरजा सामावून घेणं. तिचं स्वतःचं उदाहरण ग्रंथालयातलं आहे. एकाला खिडकी उघडी हवी होती, तिला बंद. त्यांनी शेजारच्या रिकाम्या खोलीतली खिडकी उघडली. त्याला मोकळी हवा हवी होती, तिला अंगावर वारा नको होता. खिडकी अर्धी उघडली असती तर दोघंही कुरकुरत बसले असते.

मोठ्या प्रमाणावर हेच 1978 मध्ये अमेरिकेतल्या कॅम्प डेव्हिडला, इजिप्त आणि इस्राएलच्या वाटाघाटीत घडलं. 1967 पासून इजिप्तचं सिनाई द्वीपकल्प इस्राएलच्या ताब्यात होतं. नकाशावर रेघ कुठे ओढायची यावर इजिप्त आणि इस्राएल यांचं जमत नव्हतं; इजिप्तला आपली इंचभर जमीनही सोडायची नव्हती. पण 'का हवंय?' विचारल्यावर उत्तरं वेगळी होती. इजिप्तला सार्वभौमत्व हवं होतं, इस्राएलला सीमेलगत रणगाडे नको होते. सिनाई पूर्ण परत गेलं आणि तिथे किती सैन्य ठेवायचं यावर मर्यादा आल्या. मार्च 1979 मध्ये करार झाला, एप्रिल 1982 मध्ये माघार पूर्ण झाली. सगळे वाद असे सुटत नाहीत. पण मागणी आणि मागणीमागचं कारण या दोन गोष्टी वेगळ्या आहेत का, हे तपासायला काहीच खर्च येत नाही.

नवरा-बायकोत तोच तोच वाद होतो. म्हणजे नातं बिघडलंय का?

तेवढ्यावरून नाही. जोडप्यांचा दीर्घकाळ अभ्यास करणाऱ्या जॉन गॉटमन यांच्या म्हणण्यानुसार जोडप्यांमधले सुमारे 69 टक्के प्रश्न कायमचे असतात, म्हणजे स्वभावातल्या आणि गरजांमधल्या फरकातून आलेले. एकाला टापटीप हवी, दुसऱ्याला मोकळेपणा. हे लग्नाच्या तिसाव्या वर्षीही तसंच असतं. सुखी जोडप्यांतही ते सुटलेले नसतात, पण त्यावर त्यांना हसता येतं. धोक्याची खूण म्हणून गॉटमन सगळ्यात जास्त वजन देतात ते तिरस्काराला: डोळे फिरवणं, नक्कल करणं, कुत्सित बोलणं. वाद किती वेळा झाला हे मोजण्यापेक्षा तो होताना चेहऱ्यावर काय होतं ते बघावं.

तिसऱ्याला मध्ये घ्यावं का?

घ्यावं, पण त्याचं काम आधी ठरवून. मध्यस्थ तुम्हाला बोलतं करतो, निर्णय तुमचाच राहतो. लवाद निर्णय देतो आणि तो मानायचा असतो. 'तूच सांग' म्हणून बोलावून मग 'तुला काय कळतंय' म्हणणारे लोक हे ठरवत नाहीत, आणि एका वादाचे दोन होतात.

विज्ञानात तरी वाद संपतात का?

संपतात, पण ते संपवणारा बहुधा तिसराच कोणी असतो. क्वांटम सिद्धांत पूर्ण आहे का, यावर आइन्स्टाइन आणि बोर यांचा वाद 1927 पासून चालला. आइन्स्टाइन 1955 मध्ये गेले, बोर 1962 मध्ये, आणि अनेकांना तो वाद निव्वळ तत्त्वज्ञानाचा वाटत होता. 1964 मध्ये भौतिकशास्त्रज्ञ जॉन बेलने दाखवलं की आइन्स्टाइनना हवं तसं जग असेल, म्हणजे मोजण्याआधीच सगळं ठरलेलं आणि दूरच्या मोजमापाचा इथे तत्काळ परिणाम न होणारं, तर एका मोजमापाला मर्यादा पडायला हवी. आता तो प्रयोगाचा प्रश्न झाला. प्रयोग झाले, मर्यादा ओलांडली गेली आणि 2022 मध्ये त्या कामाला नोबेल मिळालं. युक्तिवाद दोघांकडेही कमी नव्हते. मोजता येईल असा प्रश्न सापडायला वेळ लागला.

मुदत घातली तर उपयोग होतो का?

होतो, पण भिंतीवरच्या तारखेला कोणी घाबरत नाही, मुदत संपल्यावर काय होणार याला घाबरतात. 1268 मध्ये पोप वारल्यावर इटलीतल्या व्हितेर्बो इथे जमलेल्या कार्डिनलांना, म्हणजे पोप निवडणाऱ्या धर्मगुरूंना, नवा पोप निवडायला जवळजवळ तीन वर्षं लागली, आणि शेवटी त्यांनी निवडीचं काम सहा जणांवर सोपवलं. त्याच नव्या पोपने 1274 मध्ये नियम केला: कोंडून ठेवायचं आणि काही दिवसांनी जेवण कमी करत न्यायचं.

मी मध्येच थांबलो तर हरलो असं होईल ना?

बघणारे असतील तर तसं वाटू शकतं. म्हणून महत्त्वाचा वाद चारचौघांत घालू नये. प्रेक्षक असले की माघार महाग होते.

वाद मिटला म्हणालो, पण आठवड्याने तोच पुन्हा उभा राहिला. आता?

बहुधा निर्णय झालाच नव्हता, दोघं दमले होते. स्मृतिग्रंथांत प्रतिवादीने द्यायच्या उत्तराचे चार प्रकार आहेत. त्यातला एक प्राङ्न्याय, म्हणजे 'याचा निवाडा आधीच झाला आहे'. आजच्या न्यायालयांतही तोच दावा, त्याच पक्षकारांत, पुन्हा लढवता येत नाही. पण हे उत्तर द्यायला आधीचा निवाडा काय होता ते दोघांना सारखंच आठवायला हवं. म्हणून दोन ओळी लिहून ठेवा: काय ठरलं, आणि कोणती नवी गोष्ट घडली तर हा विषय पुन्हा काढता येईल. पहिली ओळ सगळे लिहितात. दुसरी राहते, आणि मग 'परिस्थिती बदललीय' या दोन शब्दांवर कोणीही, कधीही, तोच वाद पुन्हा उघडू शकतो.